जुनी डिझेल 'फोर बाय फोर' घेताना

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या मित्रमंडळींतील पाच-सहा डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला आहे : "कुटुंबासह फिरायला आणि शिबिरांचे सामान ओढायला एखादी जुनी डिझेल फोर-व्हील ड्राइव्ह घ्यावी म्हणतो, कोणती घेऊ?" मोटारींची आवड मला विद्यार्थिदशेपासून असल्याने हा प्रश्न माझ्याकडे येणे स्वाभाविक आहे. प्रत्येकाला तुटक उत्तरे देण्यापेक्षा स्मरणिकेच्या निमित्ताने सर्व विचार एकत्र मांडावेत, असे ठरवले.

व्यवसायाने मी बालरोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे या विषयाकडे पाहण्याची माझी दृष्टी मिस्त्रीच्या दृष्टीहून थोडी निराळी आहे. मिस्त्री प्रथम बॉनेट उघडतो. मी प्रथम मागचे दार उघडतो. गाडीत सर्वांत लहान माणूस कोठे बसणार आणि त्याला कशाने बांधणार, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाल्यावाचून पुढच्या तपासणीला अर्थ नाही, हे या लेखाचे सार आहे. बाकीचे सर्व त्याच्या अनुषंगाने येते.

गरज खरोखर आहे काय?

चारही चाकांना शक्ती मिळाली की चिखल, वाळू, ओला चढ अशा जागी गाडी पुढे सरकते. पण ती थांबवण्याचे काम ब्रेक आणि टायर करतात, आणि त्यांच्यासाठी दोन चाकांची आणि चार चाकांची गाडी सारखीच. उलट ट्रान्सफर केस, पुढचे डिफरन्शियल आणि जास्तीचे शाफ्ट यांचे वजन वाढल्याने थांबवण्याचे ओझेही थोडे वाढते. पावसाळी महामार्गावर 'माझी गाडी फोर बाय फोर आहे' या विश्वासाने वेग वाढवणे, हे प्रतिजैविक घेतले म्हणून गढूळ पाणी पिण्यासारखे आहे.

वडोदऱ्याहून पुणे, नाशिक वा कोल्हापूरला जाण्यास, सापुताऱ्याचा घाट चढण्यास किंवा गरुडेश्वरी टेंबे स्वामींच्या समाधीच्या दर्शनास डांबरी रस्ता आहे. त्यासाठी दोन चाकांची, पण चार-पाच वर्षे अलीकडची आणि अधिक सुरक्षा-साधने असलेली गाडी त्याच किमतीत मिळत असेल, तर तीच घ्यावी. मात्र ज्यांना छोटा उदेपूर, कवांट, नसवाडी या भागांत पावसाळ्यातही शिबिरांसाठी जावे लागते, ज्यांची शेती कच्च्या रस्त्यावर आहे, किंवा ज्यांना सामानाचा ट्रेलर मातीच्या चढावरून ओढायचा आहे, त्यांना चार चाकांचा आणि 'फोर-लो' या संथ, जोरदार गिअरचा खरा उपयोग आहे. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच भरपूर ओढ देते, म्हणून या कामी ते पसंत केले जाते.

बाजारात काय मिळते?

आपल्याकडील या गाड्यांचा इतिहास बराचसा महाराष्ट्रातच घडला. महिंद्रांनी १९४७ पासून विलीज जीपची जुळणी सुरू केली. टाटांची सफारी १९९८ साली पुण्याहून आली. त्याआधीच्या सुमोचे नाव सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावांच्या आद्याक्षरांवरून पडले, हे अनेकांना ठाऊक असेल. २००२ साली नाशिकहून स्कॉर्पिओ आली आणि मध्यमवर्गीय कुटुंबाला मोठी डिझेल गाडी प्रथमच आवाक्यात वाटू लागली. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या दरावरील सरकारी नियंत्रण उठले. तोवर स्वस्त डिझेलचे आकर्षणही मोठे होते.

जुन्या बाजारात स्कॉर्पिओ, सफारी स्टॉर्म, हेक्सा, थार, फोर्सची गुरखा, इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची फॉर्च्युनर, फोर्डची एंडेव्हर, मित्सुबिशीची पजेरो स्पोर्ट आणि आपल्या शेजारच्या हालोलमध्ये तयार झालेली ग्लॉस्टर ही नावे आढळतात. यांतील बहुतेकांच्या दोन-चाकी आवृत्त्याही आहेत, तेव्हा नावावर जाऊ नये, गाडीखाली वाकून पुढचा शाफ्ट पाहावा. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या नव्या डिझेल सफारीत तर शक्ती फक्त पुढच्या चाकांना आहे. तिचे नाव जुन्या सफारीचे असले तरी प्रकृती वेगळी आहे.

सुट्या भागांचाही विचार करावा. शेव्हरलेने २०१७ च्या अखेरीस भारतीय बाजार सोडला, तर फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. अशी गाडी घेऊच नये असे नाही. पण घेण्यापूर्वी आपल्या शहरात तिचे काम जाणणारा मिस्त्री आहे काय आणि इंजेक्टर, क्लच यांसारखे भाग किती दिवसांत मिळतात, हे विचारून घ्यावे. आणि आपली गल्लीही मोजावी. फॉर्च्युनर सुमारे ४.८ मीटर लांब, तर थार चार मीटरच्या आत आहे. नागरवाड्यासारख्या जुन्या वस्तीत हा फरक रोज दोनदा जाणवतो.

पूर्वेतिहास : कागदपत्रे

रुग्णाप्रमाणे गाडीचाही पूर्वेतिहास आधी घ्यावा. आरसी बुकातील चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर वाचून ताडून पाहावेत. चासीवरील क्रमांकाभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या, तर व्यवहार तेथेच थांबवावा. कर्जाचा बोजा, न भरलेले दंड, विमा, पीयूसी ही माहिती परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. मालकी बदलण्यासाठी २९ व ३० क्रमांकाचे नमुने, बोजा उतरवण्यासाठी ३५ क्रमांकाचा आणि परराज्यातील गाडीसाठी २८ क्रमांकाचा ना-हरकत दाखला लागतो. परराज्यातील गाडी आपल्याकडे बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ राहिली की नवी नोंदणी बंधनकारक होते, आणि येथील कर भरावा लागतो. तो खर्च किमतीत धरूनच घासाघीस करावी. विम्याचे हस्तांतरण चौदा दिवसांत मागावे. 'नो क्लेम बोनस' जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही.

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध घातल्यापासून तिकडच्या बऱ्याच गाड्या स्वस्तात इतर राज्यांत आल्या. त्या वाईटच असतात असे नाही. परंतु नोंदणीच्या पंधरा वर्षांपैकी किती उरली आहेत, हे पाहूनच किंमत ठरवावी.

इंजिनाची तपासणी

गाडी पाहायला सकाळी जावे आणि मालकाला आधीच सांगावे, की इंजिन सुरू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावल्यावर ते कोमट लागले, तर इंजिन मुद्दाम तापवून ठेवले असण्याची शक्यता धरावी. थंड इंजिन सुरू होताना क्षणभर थोडा धूर येणे स्वाभाविक आहे. तो कायम राहू नये. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंधन जास्त : फिल्टर, टर्बो वा इंजेक्टर यांपैकी कोठेतरी दोष. निळा धूर म्हणजे तेल जळत आहे. पांढरा, विरून न जाणारा धूर म्हणजे इंधन न जळता बाहेर पडत आहे किंवा कूलंट आत शिरत आहे. चालू इंजिनाचे तेल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. आतून जोराने वाफारे येत असतील, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. कूलंटवर तेलाचा तवंग किंवा गिअर-तेलाला दुधाळ रंग दिसला, की पाणी आणि तेल एकमेकांत मिसळले आहे, हे निदान निश्चित.

एप्रिल २०२० नंतरच्या भारत स्टेज सहाच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, असते. ती साचलेली काजळी स्वतःच जाळून साफ करते, पण त्यासाठी धुराचे तापमान साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत जावे लागते. घर, दवाखाना आणि रुग्णालय एवढ्याच तीन-चार किलोमीटरांच्या फेऱ्यांत ते कधीच जात नाही. मग गाळणी तुंबते, जादा डिझेल तेलात उतरते आणि इंजिनातील तेलाची पातळी चक्क वाढते. आपल्या व्यवसायातील मंडळींनी वापरलेली गाडी 'कमी चाललेली' म्हणून लगेच भुलू नये; तिच्या बाबतीत हा प्रश्न आधी विचारावा. आणि आपला रोजचा प्रवास असाच असेल, तर आठवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा-पाऊण तास सलग फेरी मारण्याची तयारी ठेवावी.

चार चाकांची आणि सांगाड्याची तपासणी

या व्यवस्थेची परीक्षा डांबरी रस्त्यावर घेऊ नये. वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. बहुतेक गाड्यांत 'फोर-हाय' लावल्यावर दोन्ही शाफ्ट एकत्र जखडले जातात, आणि कोरड्या रस्त्यावर हा फरक कोठेच जिरत नाही. ताण सगळा ट्रान्सफर केसवर येतो. म्हणून मोकळ्या मातीचे मैदान गाठावे. 'टू-हाय'वरून 'फोर-हाय' लावून दिवा पेटतो काय ते पाहावे. मग गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये 'फोर-लो' लावावा. पुढे, मागे आणि हळू वळत चालवावे. टकटक किंवा घरघर येऊ नये. 'आम्ही ते कधी वापरलेच नाही' हे वाक्य विक्रेता गुण म्हणून सांगतो. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे न हलवलेला सांधा जसा आखडतो, तसेच येथेही होते. चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले असावेत.

खाली वाकून चासीच्या दोन लांब पट्ट्या शेवटापर्यंत पाहाव्यात. तडा, गंज, नवा रंग, वेल्डिंग यांपैकी काही असल्यास कारण विचारावे. कोकणच्या किनाऱ्यावर वाळूत फिरलेल्या गाडीला खारे पाणी आतून खाते. पुढे लोखंडी कठडा बसवलेला असेल, तर तो काढून टाकावा. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच असे कठडे बेकायदा असल्याचे राज्यांना कळवले आहे. टक्कर कधी झाली हे एअरबॅगच्या संवेदकांना वेळेवर कळण्यात त्याचा अडथळा होतो.

पुराची खूण

वडोदेकरांना या विषयाची वेगळी आठवण करून देण्याची गरज नाही. ३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि ऑगस्ट २०२४ अखेर विश्वामित्रीला आलेला, ३५ फुटांपलीकडे गेलेला पूर, दोन्ही वेळी असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. त्यांतील काही भंगारात गेल्या. काही धुऊन, पुसून, अत्तर मारून पुन्हा बाजारात आल्या.

गेल्या वर्षी मी स्वतः एक गाडी जवळजवळ नक्की केली होती. रंग चकचकीत, इंजिन शांत, किंमत बेताची. "पुराच्या वेळी गाडी उंचावर होती," असे मालकाने आपणहून सांगितले. न विचारता मिळालेल्या उत्तराने माझ्यातील डॉक्टर जागा झाला. मी मधल्या आसनाचा पट्टा त्याच्या रिळातून पूर्ण शेवटापर्यंत ओढला. सुरुवातीचा भाग स्वच्छ. शेवटचा हातभर मात्र मातकट आणि कडक, आणि त्या दोहोंमध्ये सरळ आडवी रेघ. स्टेपनीच्या खोबणीत आणि आसनाखालच्या विजेच्या जोडांत तोच गाळ सापडला. गाडी चालत होती, हे खरे. परंतु एअरबॅग आणि एबीएस यांचे नियंत्रक ज्या तारांवर अवलंबून असतात, त्या आतून गंजत असताना बाहेर काहीच दिसत नाही. ज्या क्षणी एअरबॅग हवी, त्याच क्षणी ती उघडली नाही, तर ते सांगायला दुसरी संधी नसते. त्या आसनावर माझी चार वर्षांची नात बसणार होती. मी मालकाचे आभार मानून परत आलो.

ओढण्याचे गणित

मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही 'मोटार वाहन'च आहे. म्हणून त्याची स्वतंत्र नोंदणी, दिवे आणि विमा यांची व्यवस्था करूनच तो रस्त्यावर आणावा. गाडी किती ओढू शकते, हे निर्मात्याच्या पुस्तिकेत पाहावे; हुक चासीला बोल्टने जोडलेला असावा, बंपरला नव्हे.

वजनाचा हिशेब सोपा आहे. गाडीची भारक्षमता ६०० किलो धरू. सात माणसे प्रत्येकी ६५ किलो म्हणजे ४५५, सामान ८० किलो, उरले ६५. भरलेला ट्रेलर ६०० किलोंचा असेल, तर त्याचा ५ ते १० टक्के भार हुकावर यावा लागतो, म्हणजे ३० ते ६० किलो. टपावर आता बॅगही ठेवायला जागा नाही. हुकावर यापेक्षा कमी भार आला, म्हणजेच सामान ट्रेलरच्या मागच्या बाजूस रचले, तर तो वेगात शेपटासारखा हेलकावे खातो. अशा वेळी जोरात ब्रेक न दाबता, स्टिअरिंग सरळ धरून फक्त ॲक्सिलरेटर सोडावा. वेग ताशी ८० वरून १०० झाला, की थांबवण्याची ऊर्जा दीडपटीहून अधिक होते. ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे वजनही गाडीच्याच ब्रेकवर येते. घाट उतरताना म्हणून खालचा गिअर आणि संयम, दोन्ही हवेत.

जुन्या गाडीने ट्रेलर ओढलेला असेल, तर क्लच प्रथम झिजतो. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये एकदम ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे.

चिखलात अडकलेली दुसरी गाडी ओढताना दोर चासीवरील कडीलाच बांधावा. ट्रेलरच्या गोळ्याला कधीही नाही, कारण तो तुटून गोळीसारखा सुटतो. दोन चालक वगळता सर्वांनी, विशेषतः मुलांनी, दोराच्या लांबीच्या दीडपट तरी दूर उभे राहावे.

मागचे आसन

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहिला, तो. जुन्या सफारी, स्कॉर्पिओ, पहिल्या पिढीची थार यांच्या अनेक आवृत्त्यांत मागे समोरासमोरचे आडवे बाक असत. मुलांना ती जागा फार आवडते, आणि आपण हौसेने त्यांना तेथे बसवतो. मीही माझ्या दोन्ही मुलांना वर्षानुवर्षे जीपच्या अशाच बाकावर बसवून कोकणात नेले. दिवसा दवाखान्यात लसीकरणाचे महत्त्व सांगणारा मी, त्या बाकाचा विचार एकदाही केला नाही. काही झाले नाही, हे आमचे नशीब, शहाणपण नव्हे. आडव्या बाकावर पट्टा नसतो, असला तरी तो समोरच्या धडकेत बाजूला फेकल्या जाणाऱ्या शरीराला नीट धरू शकत नाही, आणि मागून धडक बसली तर मुलाचे डोके काचेपासून वीतभर अंतरावर असते.

आजीच्या मांडीवरील बाळाचेही गणित पाहावे. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी अर्धा मीटर चेपत थांबली असे धरले, तर मंदन गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे वीसपट होते. दहा किलोंचे बाळ त्या क्षणी दोनशे किलोंचे होते. कोणत्याही आजीचे हात ते धरू शकत नाहीत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उदवाड्याहून मुंबईकडे जाताना पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. पुढचे दोघे वाचले. मागच्या आसनावरील दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे तपासात दिसून आले. आपण मुंबईला जातो तो हाच रस्ता.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या १९४-ब कलमानुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालासन यांवाचून नेणे हा दंडनीय गुन्हा आहे. गाडी निवडताना म्हणून पुढील गोष्टी पाहाव्यात. सर्व आसने पुढे तोंड करून असावीत. प्रत्येकाला खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा पट्टा असावा. बालासन जोडण्याच्या आयसोफिक्स कड्या असाव्यात. दोन एअरबॅग सर्व नव्या मोटारींना २०२१ अखेरपासून आणि एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाडीत ते आहेत काय, हे प्रत्यक्ष पाहावे. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला २०१६ मध्ये शून्य तारे मिळाले, तर २०२० मध्ये नव्या थारला मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी चार-चार. २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला मोठ्यांसाठी पाच, पण मुलांसाठी तीनच मिळाले. जाहिरातीत पहिला आकडा मोठा छापतात. आई-वडिलांनी दुसराही वाचावा. पुढे एअरबॅग असेल, तेथे मागे तोंड असलेले बालासन कधीही ठेवू नये. शिबिराच्या पेट्या आणि ऑक्सिजनचे सिलिंडर शेवटच्या आसनामागे मोकळे न ठेवता पट्ट्यांनी बांधावेत.

शेवटी मीही एक जुनी डिझेल फोर बाय फोर घेतली. ती पाहिलेल्या गाड्यांत सर्वांत देखणी नव्हती, तिच्या डाव्या दारावर पोचाही होता. परंतु तिचे पाचही पट्टे शेवटापर्यंत स्वच्छ निघाले. सातजणांची सोय असलेली गाडी घ्यावी, असा घरच्यांचा आग्रह होता. "आपण पाचजण यातून जाऊ, उरलेले रेल्वेने येतील," असे मी सांगितले, आणि तसेच केले. चाळीस वर्षांपूर्वी लसीची कुपी थंड राहिली की नाही, हे पाहिल्याशिवाय सुई हातात घेऊ नये, असे आम्हाला शिकवले गेले. गाडी घेण्यापूर्वी मागचा पट्टा ओढून पाहणे ही त्याच जातीची सवय आहे. तिला अर्धे मिनिट लागते.